तप्तकुंड : मर्यादेत राहिलेल्या अग्नीचा प्रसाद

जल आणि अग्नी ही पंचमहाभूतांतील दोन तत्त्वे परस्परविरोधी मानली जातात. जल अग्नीला शमविते आणि अग्नी जलाला आटवितो. तथापि हिमालयाच्या कुशीत अशी काही पुण्यस्थाने आहेत, जेथे ही दोन्ही तत्त्वे आपले वैर विसरून एकत्र नांदतात. सभोवती हिमाच्छादित शिखरे, हात घालताच बोटे बधिर व्हावीत अशा शीतल जलाची नदी, आणि त्याच नदीच्या काठी खडकातून वाफाळत बाहेर पडणारा उष्णोदकाचा झरा! अशा स्थानी पोहोचलेल्या यात्रेकरूच्या मुखातून देवाचे नाम आपोआप उमटते. दीर्घ प्रवासाने आंबलेले अंग त्या जलात शेकले जाते, आखडलेले सांधे सैल होतात आणि मन दर्शनासाठी सिद्ध होते.

भाविकहो, या सुखद अनुभवामागे एक शास्त्र आहे आणि त्या शास्त्राला नियमांचे कुंपणही आहे. जे उष्ण जल एकाचे दुखणे हलके करते, तेच जल दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते. हे भान ऋषींना होते, वैद्यांना होते आणि लडाख-तिबेटच्या अमचींनाही होते. तप्तकुंडात उतरण्यापूर्वी ते भान यात्रेकरूनेही जागे ठेवावे, एवढ्यासाठी हे विवेचन.

अग्नितीर्थाची कथा

श्रीबदरीनाथ मंदिराच्या पायऱ्यांखाली, अलकनंदेच्या तीरावर जे तप्तकुंड आहे, त्याला अग्नितीर्थ असे नाव आहे. स्कंदपुराणातील बदरिकाश्रममाहात्म्यात या तीर्थाचा महिमा वर्णिलेला आहे.

या कथेचे मूळ महाभारताच्या आदिपर्वात सापडते. भृगुऋषींची पत्नी पुलोमा गर्भवती असताना एका राक्षसाने आश्रमात येऊन अग्नीला तिच्याविषयी प्रश्न केला. अग्नीने सत्य तेच सांगितले. राक्षसाने तिला पळवून नेले. तेव्हा तिच्या उदरातून च्यवन ऋषी जन्मास आले आणि त्यांच्या तेजाने राक्षस भस्म झाला. भृगूंनी मात्र संतप्त होऊन अग्नीला ‘तू सर्वभक्षी होशील’ असा शाप दिला. शुद्ध-अशुद्ध, प्रिय-अप्रिय असे सारेच जाळावे लागणार, या विचाराने अग्नी व्याकुळ झाला. पुराणकथा पुढे सांगते की या दोषातून मुक्त होण्यासाठी त्याने बदरिकाश्रमात येऊन नारायणाची आराधना केली. भगवंताने त्याला अभय दिले आणि तो तेथे जलरूपाने वास करू लागला.

या कथेतील च्यवन ऋषींचे नाव मराठी घराघरांत च्यवनप्राशाच्या निमित्ताने पोहोचलेले आहे. वृद्ध आणि क्षीण झालेले हेच च्यवन ऋषी पुढे अश्विनीकुमारांसह सरोवरात उतरले व तारुण्य घेऊन बाहेर आले, अशी कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. देवांच्या वैद्यांनी उपचार केला तोही जलावगाहनाच्या द्वारे, हे येथे लक्षणीय आहे.

अग्नितीर्थाच्या कथेचा भावार्थ असा की, सर्व काही जाळू शकणारा अग्नी येथे आपला दाह आवरून बसला आहे. त्याने स्वतःला मर्यादा घालून घेतली म्हणूनच त्याच्याजवळ जाता येते. मर्यादेतील अग्नी यज्ञवेदीत देव होतो, चुलीत अन्नदाता होतो, उदरात जठराग्नी होतो आणि कुंडात वैद्य होतो. मर्यादा सुटली की तोच वणवा होतो. कुंडात उतरणाऱ्याने हा एवढा बोध जरी सोबत घेतला तरी स्नानाचे अर्धे पुण्य पदरी पडले असे समजावे.

हिमालयातील उष्णोदकाची तीर्थे

बदरीनाथ हे क्षेत्र समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटर उंचीवर आहे. येथे तप्तकुंडात स्नान करून मग दर्शनास जाण्याचा प्रघात आहे. शेजारीच नारदकुंड आहे. यमुनोत्री येथील सूर्यकुंडाचे जल सुमारे ८८ अंश सेल्सिअस इतके तप्त असते. त्यात स्नान संभवत नाही. भाविक तांदूळ व बटाटे कापडात बांधून त्यात सोडतात आणि शिजलेले अन्न प्रसाद म्हणून घरी नेतात. स्नानासाठी तेथे निराळे कुंड आहे. सूर्यकुंडाजवळील दिव्य शिलेचे पूजन करून मग यमुनामातेचे दर्शन घेतले जाते.

हिमाचल प्रदेशाच्या कुलू जिल्ह्यात पार्वती नदीच्या काठी मणिकर्ण आहे. पार्वतीमातेच्या कानातील मणी येथील जलात हरवला, तेव्हा शेषनागाने फूत्कार टाकून असंख्य रत्नांसह उष्ण जल वर उसळविले, अशी आख्यायिका आहे. येथे मंदिरे आहेत आणि गुरुद्वाराही आहे. लंगरचे अन्न झऱ्याच्या उकळत्या जलात भांडी ठेवून शिजविले जाते. मनालीजवळील वसिष्ठ या गावी वसिष्ठ ऋषींच्या मंदिराला लागून उष्णोदकाची स्नानगृहे आहेत. लडाखमध्ये नुब्रा खोऱ्यातील पनामिक, सिंधुतीरावरील चुमाथांग आणि पुगा खोरे, तर सिक्कीममध्ये युमथांग ही स्थाने प्रसिद्ध आहेत. भूतानमध्ये अशा झऱ्यांना ‘त्साचू’ म्हणजे उष्ण जल असे म्हणतात. शेतीची कामे उरकल्यावर, हिवाळ्यात, तेथील कुटुंबे शिधा बांधून घेऊन झऱ्याकाठी अनेक दिवस मुक्काम करतात.

महाराष्ट्रातील भाविकाला हा अनुभव सर्वस्वी नवा नाही. वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील कुंडे त्याच्या परिचयाची असतात. कोकणात तर उष्णोदकाच्या झऱ्याला ‘उन्हाळे’ असे गोड नाव आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी बदरी-केदारच्या यात्रामार्गावर धर्मशाळा उभारून मराठी माणसाचा या भूमीशी असलेला संबंध दृढ केला. तथापि कोकणातील उन्हाळे समुद्रसपाटीच्या जवळ आहेत, तर बदरीचे तप्तकुंड विरळ हवेच्या प्रदेशात आहे. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

पृथ्वीच्या उदरातील ऊब

हिमालयातील या झऱ्यांखाली ज्वालामुखी नाही. पावसाचे व वितळलेल्या बर्फाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपते. भूगर्भात जसजसे खाली जावे तसतशी उष्णता वाढत जाते; सामान्यतः प्रत्येक किलोमीटरला ही वाढ २५ ते ३० अंश असते. हिमालय हा भूखंडांच्या टकरीतून वर उचलला गेलेला आणि अद्यापही उचलला जात असलेला पर्वत असल्याने खोलवरचे तप्त खडक येथे पृष्ठभागाच्या अधिक जवळ आलेले आहेत. तापलेले पाणी मोठ्या भेगांच्या वाटेने पुन्हा वर येते आणि येताना खडकांतील क्षार, क्वचित गंधकही, विरघळवून आणते. कित्येक झऱ्यांजवळ येणारा विशिष्ट वास गंधकाच्या संयुगांमुळे असतो. ज्या भूशक्तीने देवभूमीची शिखरे उभी केली, तिनेच यात्रेकरूच्या स्नानाचे पाणीही तापविले, ही जाणीव श्रद्धेला अधिक उन्नत करणारी आहे.

आयुर्वेदाचा दृष्टिकोन

शरीराला उष्णता देऊन घाम आणविण्याच्या उपचाराला आयुर्वेदात स्वेदन म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील १४ वा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. अग्नीच्या साहाय्याने करावयाच्या स्वेदनाचे १३ प्रकार तेथे सांगितले असून, औषधी काढ्याने भरलेल्या पात्रात बसण्याचा अवगाहन हा त्यांपैकी एक होय. निसर्गाच्या कुंडातील बैठक ही या अवगाहनाची सख्खी बहीणच म्हणावी लागेल. वात व कफ यांच्या प्रकोपाने येणारे जडत्व, ताठरपणा, सांध्यांची व कंबरेची वेदना यांवर स्वेदन हितकर मानले आहे.

चरकाचार्यांनी जितक्या आस्थेने उपचार सांगितला, तितक्याच काटेकोरपणे त्याची सीमाही सांगितली. थंडी व वेदना शमली, जडपणा गेला, अंग मृदू झाले आणि घाम आला की थांबावे. त्यापुढे गेल्यास दाह, तहान, मूर्च्छा आणि दुर्बलता उद्भवते. गर्भवती, मधुमेही, कावीळ झालेले, अतिसाराने वा रक्तस्रावाने पीडित, नित्य मद्यपान करणारे, तसेच थकलेले, भुकेले, तहानलेले, क्रोधाविष्ट आणि शोकाकुल यांना स्वेदन वर्ज्य सांगितले आहे. या यादीतील ‘थकलेले’ आणि ‘भुकेले’ हे दोन शब्द यात्रेकरूंनी पुन्हा एकदा वाचावेत. पहाटे उपाशीपोटी, रात्रभरच्या प्रवासानंतर थेट कुंडात उतरणारे भाविक नेमके याच वर्गात मोडतात.

आणखी एक सूक्ष्म सूचना अशी की, नेत्र व हृदय यांना स्वेदन अगदी सौम्य द्यावे अथवा देऊच नये. स्वेदनाच्या वेळी हृदयावर शीतल मोती, कमळ वा ओला हात ठेवण्यास सांगितले आहे. वाग्भटाचार्यांच्या अष्टांगहृदयात उष्ण जलाचे स्नान मानेखालील शरीराला बलदायक, मात्र मस्तकाला अहितकर म्हटले आहे. त्यामुळे केस व दृष्टी यांचे बल घटते. भोजनानंतर लगेच आणि अजीर्ण असताना केलेले स्नानही तेथे निषिद्ध ठरविले आहे.

अमचींची परंपरा

लडाख, स्पीती, सिक्कीम, भूतान व तिबेट या प्रदेशांत ‘सोवा रिग्पा’ ही वैद्यकपरंपरा नांदते. तिचा अर्थ उपचाराचे ज्ञान, आणि तिचे वैद्य म्हणजे अमची. आयुर्वेदाशी तिचे नाते जवळचे आहे. अष्टांगहृदयाचे तिबेटी भाषांतर सुमारे हजार वर्षांपूर्वी झाले होते. तिच्या त्रिदोषांची नावे लुंग, ट्रीपा व बेकन अशी असून ती वात, पित्त व कफ यांच्याशी जुळतात. ‘ग्युशी’ म्हणजे चार तंत्रे हा या परंपरेचा मूलग्रंथ होय. त्यातील अंतिम तंत्रात ‘लुम’ अर्थात औषधी स्नानाचे विवेचन आहे.

अमची झऱ्याकडे औषधाच्या दृष्टीने पाहतात. जलाला गंधकाचा स्पर्श आहे की चुनखडीचा, की शिलाजिताचा, यावरून ते कोणत्या रोग्याला मानवेल याचा विचार होतो. सांधेदुखी, आखडलेले अवयव, जुने त्वचाविकार आणि थंडीने बळावणारी दुखणी यांसाठी झऱ्यावर जाण्याचा सल्ला दिला जातो. ताप असताना, अंगावर सूज असताना किंवा अन्नावरची वासना गेली असताना मात्र मनाई असते. स्नानाचा क्रम प्रायः सात दिवसांचा, प्रसंगी तीन आठवड्यांचा असतो. स्नानानंतर उबदार पांघरुणात विश्रांती घ्यावी, वारा लागू देऊ नये आणि पथ्याचे अन्न घ्यावे, हा उपचाराचाच भाग समजला जातो. जेथे नैसर्गिक झरा नाही, तेथे पाच औषधी वनस्पतींचा काढा करून ‘पंचामृत’ स्नान घडवितात. धूपासाठी जाळला जाणारा जुनिपर, ऱ्होडोडेंड्रॉन, सोमलता, झाऊच्या कुळातील एक झुडूप आणि दवण्याच्या जातीतील एक वनस्पती ही ती पाच द्रव्ये होत.

भारत सरकारने २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून सोवा रिग्पाला मान्यता दिली. २०१९ मध्ये लेह येथे या विद्येच्या राष्ट्रीय संस्थेच्या स्थापनेस मंजुरी मिळाली. लुम स्नानाच्या परंपरेचा समावेश युनेस्कोने २०१८ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला, तो चीनमधील तिबेटी समाजाच्या परंपरेच्या रूपाने.

एका डुबकीने रोग जातो, असे अमचीही सांगत नाहीत. दिवस, पथ्य, विश्रांती आणि वैद्याची देखरेख या चौघांच्या संगतीत झऱ्याचे जल औषध ठरते. आधुनिक वैद्यकाचे मतही याहून फार निराळे नाही. उष्ण जलात रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायू सैलावतात, पाण्याच्या उद्धरणशक्तीमुळे सांध्यांवरील भार हलका होतो आणि वेदनेला काही काळ उतार पडतो. हा उतार खरा आहे; परंतु त्यामुळे मूळ व्याधी नाहीशी झाली असे समजून रक्तदाबाची, मधुमेहाची वा हृदयविकाराची औषधे बंद करणे हा आत्मघात होय. देवाने झरा दिला, त्याच देवाने वैद्यालाही बुद्धी दिली. एकाचा प्रसाद घेताना दुसऱ्याचा अव्हेर करू नये.

स्नानविधी आणि निषेध

बदरीनाथच्या उंचीवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे तीस टक्क्यांनी कमी असतो. हृदय आधीच अधिक श्रम करीत असते. अशा वेळी अत्युष्ण जलात एकदम उतरल्याने रक्तदाब झपाट्याने खाली येऊन भोवळ येऊ शकते. यासाठी पुढील पथ्ये पाळावीत.

क्षेत्री पोहोचताच स्नानाची घाई करू नये. प्रथम विश्रांती घ्यावी. पाणी प्यावे व थोडा हलका आहार घेऊन काही वेळ जाऊ द्यावा. प्रथम हाताने जलाची उष्णता पाहावी, मग पाय, मग कंबर या क्रमाने उतरावे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी पायाने उष्णतेची परीक्षा करू नये. पोळल्याचे त्यांना वेळेवर कळत नाही. काही मिनिटांतच बाहेर यावे आणि उठताना आधार घ्यावा. मस्तक उष्ण जलात बुडवू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये. शीतल गंगोदकाचे प्रोक्षण मस्तकावर केल्याने विधीही होतो आणि वाग्भटांची आज्ञाही पाळली जाते. एकट्याने उतरू नये. बाहेर येताच अंग कोरडे करून लोकरीचे वस्त्र घ्यावे. यमुनोत्री व मणिकर्ण येथील उकळत्या कुंडांजवळ बालकांचा हात क्षणभरही सोडू नये.

गर्भवती, हृदयविकाराचे रुग्ण, रक्तदाब आटोक्यात नसलेले, ताप असलेले आणि उंचीमुळे डोकेदुखी, मळमळ वा धाप लागलेले यांनी कुंडात उतरूच नये.

ज्यांना स्नान शक्य नाही

कित्येक वृद्ध माता-पिता आयुष्यभराची पुंजी जमवून या यात्रेस येतात. डॉक्टरांनी मनाई केली असतानाही ‘एवढ्या दूर आलो आणि कुंडात उतरलो नाही, तर यात्रा अपुरी राहील’ या भीतीपोटी ते जलात पाऊल टाकतात. कधी सोबतचे नातलगच प्रेमाने आग्रह करतात. ही भीती निराधार आहे, हे धर्मशास्त्राच्याच आधारे सांगता येते.

स्मृतिग्रंथांनी स्नानाचे सात प्रकार मानले आहेत. जलातील वारुण स्नान हा त्यांतील एक. मंत्राने मार्जन करणे हे मांत्र स्नान, भस्मलेपन हे आग्नेय, गाईंच्या खुरांची धूळ अंगावर घेणे हे वायव्य, ऊन असताना पडणाऱ्या पावसात भिजणे हे दिव्य, मृत्तिकेचा लेप हे भौम, आणि भगवंताचे चिंतन हे मानस स्नान. शरीराने असमर्थ असलेल्यांची सोय शास्त्रकारांनी आधीच करून ठेवली आहे. शास्त्रग्रंथांत सत्य, क्षमा आणि इंद्रियनिग्रह यांनाही तीर्थ म्हटले आहे. तेव्हा काठावर बसून ओंजळभर जल हाती घ्यावे, ते निवू द्यावे, त्याचे प्रोक्षण करावे आणि नारायणाचे स्मरण करावे. ते स्नान पूर्णच होय. सोबतच्या तरुणांनी वृद्धांना आग्रह न करता त्यांच्या शेजारी बसावे. ती सेवाही तीर्थस्नानाच्या तोडीची आहे.

कुंडाचे ऋण

झरे चिरंतन आहेत असा समज आहे, परंतु तो खरा नव्हे. केदारनाथच्या वाटेवरील गौरीकुंड येथे यात्रेकरू शतकानुशतके तप्त जलात स्नान करून पुढे चढत. जून २०१३ च्या महापुराने ते कुंड उद्ध्वस्त केले. सतलजच्या काठी तत्तापानी येथे मकरसंक्रांतीला स्नानाची मोठी परंपरा आहे. तेथील नदीकाठचे जुने झरे, २०१५ मध्ये कार्यान्वित झालेल्या कोल धरणाच्या जलाशयाखाली गेले. जे आज लाभते आहे ते उद्या लाभेलच असे नाही.

म्हणून कुंडात साबण, तेल, शाम्पू वापरू नये. वस्त्रे धुऊ नयेत. निर्माल्य, प्लॅस्टिक व जुने कपडे टाकू नयेत. अंगावर उघडी जखम वा संसर्गजन्य त्वचारोग असल्यास सामायिक कुंडात उतरू नये. झऱ्याचे जल निराळ्या पात्रात घेऊन स्नान करावे. आपल्यानंतर त्याच जलात कोणाची तरी वृद्ध आई उतरणार आहे, याचे स्मरण ठेवावे.

भाविकहो, बदरिकाश्रमात अग्नीने आपला दाह आवरला आणि तो लोकांचे दुःख हरण करणारा झाला. यात्रेकरूनेही कुंडाकाठी आपली घाई, आपला हट्ट आणि आपला अहंकार आवरावा. शरीर हे धर्माचरणाचे पहिले साधन आहे. ते सुखरूप घरी परत नेणे हाही यात्रेच्या संकल्पाचाच भाग आहे. तीर्थ ते, जे तारते. ज्याला उतरता येते त्याला ते जलाने तारते आणि ज्याला उतरता येत नाही त्याला नामाने तारते.

सर्व यात्रेकरूंना आरोग्य, सुखरूप प्रवास आणि भगवंताचे दर्शन लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥